बी ओ एम बी

पिंपळगाव रेणुकाई
९ ऑगस्ट २००६

चि. बेबीनंदा,

आशीर्वाद. खुशाली मागून विचारतो, आधी त्या पुण्याच्या 'सत्यप्रिय'चा समाचार घेऊ दे.

इंटरनेटच्या त्या कट्ट्यावर त्यानं लिहिलेलं तू उतरवून धाडलंस, ते मी तीनदा वाचलं. तुझी मामी ओरडून राह्यली, चहा निवला. निवू दे म्हणालो. हा टिकोजीराव मला विचारतो, "ज्याच्या मनात काळंबेरं नाही त्यानं झडतीला का भ्यावं?" अरे, तुझ्या घरात कधी शिरले का पोलीस बूट घालून? माझं उत्तर जसंच्या तसं टाईप कर. एक अक्षर बदलू नको:

"बाबा रे, मी तेहेतीस वर्षं मास्तरकी केली. पोरांच्या पिशव्या मीही तपासल्या. पण आधी वर्गाला सांगितलं, की कंपासपेटी हरवली म्हणून तपासतोय. आधी माझ्या टेबलाचा खण उघडून दाखवला, मंग पोरांच्या पिशव्या. तुमचं सरकार आमची पिशवी पालथी घालतं, आणि कशापायी असं विचारलं तर म्हणतं, गोपनीय. असला मास्तर माझ्या शाळेत असता तर पालकांनीच हाकलला असता."

गिरिजाबाईचा वसंता तुला आठवत असंल. भीमनगरातला, माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकला, आता शिकवण्या घेतो. त्यानं जुना मोबाईल जालन्याच्या बाजारात विकला आणि आतलं कार्ड काढायचं विसरला. गाढव! मुंबईच्या स्फोटांनंतर ते कार्ड कुण्या भलत्याच माणसाजवळ सापडलं म्हणे. पोलिसांनी बोलावलं तसा हा आपल्या पायानं गेला. तीन दिवस ठेवला. परत आला तवा डाव्या कानानं ऐकू येईना आणि चष्म्याचा चुराडा झाल्ता. त्या तीन दिवसांची नोंद कोणत्याच कागदावर न्हाई. पुन्हा बोलावणं आलं तवा पोरगं पळालं. आता पेपरात 'फरार' म्हणून छापून आलंय.

म्हणून मी माहितीच्या कायद्यात अर्ज टाकला. त्याला कोणत्या गुन्ह्यात, कुणी, कुठं ठेवलं होतं? एवढंच विचारलंय. उत्तराची वाट बघून राह्यलो.

फोन करू नको. बूथवर पोलीस येऊन नंबरांची वही घेऊन गेलेत. आपलं टपाल बरं. पाकीट फोडलं तर निदान फाटलेलं दिसतं.

साहेबरावांना नमस्कार सांग. सळयांच्या गिरणीत हात-पाय सांभाळून काम करा म्हणावं.

तुझा मामा,
बद्रीनाथ


जालना
२० ऑगस्ट २००६

ती. मामांना नमस्कार.

पत्र पोचलं. पाकीट उलटं-पालटं करून बघितलं, फाटलेलं न्हवतं. तुमच्यासारखंच भ्यायला लागले मी बी.

तुमचं उत्तर टाकलं आणि नुस्तं मोहोळ उठलं. एकसष्ट जणांनी लिहिलं! सत्यप्रिय म्हणतो, "गुरुजी, देश म्हणजे तुमची शाळा नाही." अमेरिकेतला एकजण 'शिवनेरीकर' नाव लावतो, तो म्हणतो असल्या मास्तरांना आधी आत टाका. स्वतः तिकडं बसून आत टाकायची भाषा! लातूरची एक नर्स तेवढी तुमच्या बाजूनं भांडली. ती म्हणाली, आमच्या दवाखान्यात असे 'नोंद नसलेले' कान मी बघितलेत. तिला लोक इतकं घाण बोलले, की मी वाचता वाचता पान बंद केलं.

'टिकोजीराव' मी लिहिलं न्हवतं तरी ही गत. लिहिलं असतं तर काय झालं असतं!

एक भानगड सांगते. तिथं मराठी अक्षरं उमटत न्हाईत. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहावं लागतं. मागं तुम्ही 'गावचा माळ' लिहिला, लोकांनी 'गावचा माल' वाचला आणि माल कुणी खाल्ला म्हणून पंधरा जण भांडले. म्हणून सोपे शब्द लिहीत जा.

आणि इंटरनेटच्या कॅफेत आता रजिस्टर ठेवलंय. ओळखीचा कागद दिल्याबिगर खुर्चीवर बसू देत न्हाईत. माझ्या नावाचा कागद कुठून आणू? ह्यांच्या लायसनची झेरॉक्स देते. म्हणून दर रविवारी दुपारी रजिस्टरात साहेबराव येतो. खरा साहेबराव तिकडं एमआयडीसीत तापलेल्या सळया ओढतो, आणि त्याच्या नावानं मी इकडं सरकारशी भांडते. ह्यांना सांगितलं तर हसले. म्हणले, "भांड तू, माझं नाव तरी कुठंतरी शिकलेल्या लोकांत बसू दे."

खरं सांगू का मामा, मला बरं वाटतं तिथं. दहावी झाल्यापासून तुला काय वाटतं असं मला कुणी विचारलंच न्हाई. इथं शिव्या देतात, पण उत्तर तर देतात.

तुमची,
बेबीनंदा


पिंपळगाव रेणुकाई
४ सप्टेंबर २००६

चि. बेबीनंदा,

आलं उत्तर! अर्ध्या ओळीचं. "सदर माहिती गोपनीय असल्याने देता येत नाही." खाली सही, तीही वाचता येऊ नये अशी. ही माहिती गोपनीय कुणापासून? ज्याला मारलं त्याच्यापासून? त्याच्या पाठीला तर सगळी माहिती हाय! मी तो कागद गिरिजाबाईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "गुरुजी, म्हंजी ते म्हणतेत काय?" तेहेतीस वर्षं मुलांना अर्थ समजावून सांगितला, आणि एका ओळीचा अर्थ त्या माउलीला सांगता आला न्हाई. संतापानं माझं डोकं फुटायची पाळी आलीय.

बस झाले अर्ज. आता हे टाक, आणि मोठ्या अक्षरांत टाक:

"मंगळवार, २६ सप्टेंबर, सकाळी अकरा वाजता, तहसीलसमोर बोंब मारणार. ज्याला सरकारनं आपल्याशी खरं बोलावं असं वाटतं त्यानं यावं. बद्रीनाथ गुरुजी."

शिमग्याला मारतो तशी, तोंडावर पालथा हात ठेवून, गावाला ऐकू जाईल अशी. अर्ज वाचता येत न्हाई त्यांना, बोंब तरी ऐकू येईल.

मागचं पान बघ.

(मागे)

वसंता धावड्याला आहे. कडूबाच्या मळ्यात, मिरची तोडणाऱ्या माणसांत मिसळून राह्यलाय. पण चष्म्याबिगर त्याला हिरवी मिरची दिसंना की पिकलेली. बाया हसतात, लोकांचं लक्ष जातं. नंबर खाली लिहिला आहे. जालन्यात चष्मा करून घे आणि कडूबाच्या नावानं धावड्याच्या गाडीत कंडक्टरजवळ दे. वेगळा कागद घेतला न्हाई. कागदाची एक बाजू कोरी ठेवायची सवय मला कधीच न्हवती.

बद्रीनाथ


जालना
११ सप्टेंबर २००६

ती. मामा,

चष्मा शनिवारी गाडीत दिला. पोचला असंल.

काल तुमची बोंब टाकली. मोठ्या अक्षरांत टाकली, तुम्ही म्हणल्यासारखी. परवाच मालेगावचे स्फोट झाले, म्हणून लोक आधीच चिडलेले. नर्सबाईनं लिहिलं, "मला सुट्टी न्हाई, माझ्या वाटची तुम्ही मारा." शिवनेरीकरनं काहीतरी इंग्रजीत लिहिलं. मला कळलं न्हाई म्हणून कॅफेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "मी हे वर कळवलं आहे, असं लिहिलंय." कळव म्हणावं! आम्ही काय चोरून मारून राह्यलो का? तहसीलसमोरच मारणार आहोत. मी पण तसंच लिहिलं. 'जरूर कळवा, सगळ्यांना कळू द्या.'

मी पण येणार २६ तारखेला. ह्यांना विचारून ठेवलंय.

बेबीनंदा


जालना
२० सप्टेंबर २००६, बुधवार

मामा,

नमस्कार-बिमस्कार काही न्हाई. ह्यांना उचललं.

परवा सोमवारी, दिवसपाळी सुटल्यावर, गिरणीच्या फाटकावरून. साध्या कपड्यातली चार माणसं होती. सोबतच्यांनी विचारलं तर म्हणले, चौकशी हाय. दोन दिवस मी ऑफिसांच्या पायऱ्या झिजवून राह्यले. काल दुपारी एकानं आत घेतलं आणि टेबलावर कागद टाकला. कट्ट्यावरचाच कागद, छापलेला. त्याच्यात एका शब्दाभोवती लाल पेनानं गोल केल्ता.

बोंब. मी कशी लिहिल्ती माहितीय? इंग्रजीत बोंब कशी लिहायची मामा? बी, ओ, एम, बी. मला दुसरं काही सुचलंच न्हाई. तुम्ही मास्तर, तुम्हाला तरी सुचलं असतं का? 'तहसीलसमोर बॉम्ब मारणार. मंगळवार, सकाळी अकरा.' आणि खाली माझ्याच हातानं, 'सगळ्यांना कळू द्या'!

साहेब वरून आलेला हाय, हिंदी बोलणारा. मी तोंडावर हात ठेवून तिथंच दाखवलं, साहेब, अशी, अशी मारतात. दारातल्या मराठी हवालदाराला हसू फुटलं. त्याला सगळं बराबर कळलं होतं. साहेबानं त्याच्याकडं बघितलं तसं त्याचं तोंड बंद. माणसाला माहीत असून माणूस गप्प बसतो, हे मी काल बघितलं.

बाहेर आल्यावर हवालदार हळूच म्हणाला, "ताई, गुरुजींचं मूळ हातचं पत्र असंल तर आणा. मराठीत 'बोंब' लिहिलेलं, तारखेचं. साहेब त्याचं भाषांतर करून घेईल. पण सबंध कागद पाह्यजे. फाडलेला-कापलेला चालायचा न्हाई. आणि गुरुवारी बारानंतर आणून उपयोग न्हाई. गुरुवारी त्यांना मुंबईला हलवणार हाएत."

पत्र माझ्यापाशी हाय. चोळीत घालून फिरून राह्यले दोन दिवस. पुढं बोंब हाय आणि मागं वसंता.

तुमच्या त्या सवयीला आग लागो. एक कोरा कागद जड झाल्ता तुम्हाला? जीभ तुमची, राग तुमचा, रजिस्टरात नाव ह्यांचं, आणि आत कोण? ज्यानं आयुष्यात कुणाला अरे म्हणलं न्हाई तो माणूस! मुंबईला नेलेला परत कधी येतो, कुणीकुणी येत बी न्हाई, हे तुम्हीच मला लिहायला शिकवलंत की!

हे पत्र टपालात न टाकता भोकरदनच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देते. उद्या सकाळी तुम्हाला मिळंल. पहिल्या गाडीनं निघा आणि साहेबासमोर उभं राहून सांगा, मी लिहिलं म्हणून. बाराच्या आत. मी ऑफिसच्या फाटकापाशी थांबते.

बेबीनंदा


पिंपळगाव रेणुकाई
२१ सप्टेंबर २००६, सकाळ

बेबीनंदा,

तुझं पत्र आत्ता मिळालं. बोललीस ते सगळं मला लागू आहे.

पण तो कागद देऊ नकोस. माझी शपथ आहे. मी शनिवारी येतो आणि साहेबासमोर माझ्या हातानं, माझ्या अक्षरात लिहून देतो. हवं तर मला ठेवून घ्या म्हणतो. पण त्याआधी धावड्याला जाऊन वसंताची दुसरीकडं सोय लावली पाह्यजे. मी आधी तिकडं आलो आणि मला धरून ठेवलं, तर त्या पोराला सांगणारं कुणी न्हाई. साहेबरावांच्या मागं गिरणी आहे, कामगार आहेत, तू आहेस. वसंताच्या मागं एक म्हातारी.

मुंबईला नेतो ही नुस्ती धमकी असते, मला माहीत आहे. घाबरू नको. दोन दिवस कळ काढ. फक्त दोन दिवस.

ही चिठ्ठी आत्ताच्या गाडीत देऊन मी धावड्याकडं निघालो.

बद्रीनाथ


जालना
२२ सप्टेंबर २००६

मामा,

गाडी बराबर आली. तुमची चिठ्ठी आली. तुम्ही न्हाई आलात.

चिठ्ठी मला तीन वाजता मिळाली. मी कागद अकरा वाजता देऊन मोकळी झाल्ते.

काल सकाळपासून फाटकापाशी उभी होते. भोकरदनकडून आलेल्या दोन गाड्यांची माणसं मोजली, त्याच्यात तुमची टोपी न्हवती. साडेदहाला आतून जीप बाहेर काढली आणि पुसायला लागले. लांबच्या वाटेला निघताना पुसतात तशी, आरसे-बिरसे. मंग माझ्याच्यानं थांबवलं न्हाई.

तुम्हाला वाटंल बेबीनंदा भोळी, तिला समजलं न्हाई. तसं न्हाई. मी रात्रीच पिठाची खळ करून मागच्या बाजूला कॅलेंडरचा कागद चिकटवला होता. म्हणजे मला माहीत होतं मागं काय हाय. साहेबानं पुढचं वाचून घेतलं, दोन जणांना विचारलं आणि मान हलवली. बोंब पटली त्याला! मला वाटलं सुटलो. मंग त्यानं कागद खिडकीकडं धरला. त्याच हवालदाराला बोलावलं, ज्याला हसू आलं होतं. त्यानं पेल्यातलं पाणी बोटानं लावून कॅलेंडर अलगद सोडवलं, एक अक्षर पुसू दिलं न्हाई. मी ओरडले, 'ते चष्म्याचं हाय, घरचं हाय.' साहेब म्हणाला, "घर का है तो छुपाया क्यों?"

तो सत्यप्रियच बसला होता मामा खुर्चीत. अगदी तेच बोलला. आणि मला उत्तर आलं न्हाई. महिनाभर त्या कट्ट्यावर शंभर उत्तरं लिहिली मी.

हे काल सांजच्याला घरी आले. पाय सुजलेत. जेवले, पण माझ्याकडं बघत न्हाईत, भिंतीकडं बघून राह्यलेत.

वसंताचं काय झालं ते लिहा. न्हाई लिहिलं तरी मला कळंलच, पण तुमच्या हातचं वाचायचं हाय.

बेबीनंदा


पिंपळगाव रेणुकाई
३ ऑक्टोबर २००६

चि. बेबीनंदा,

दहा-बारा दिवस लेखणी हातात घेतली न्हाई. काल दसरा झाला. भीमनगरातले सगळे धम्मदीक्षेच्या पन्नास वर्षांच्या सोहळ्याला नागपूरला गेलेत. गिरिजाबाई तेवढी घरात आहे.

मी त्या दिवशी बाराच्या सुमाराला धावड्याला पोचलो. वसंता बांधावर भाकर खात होता. मला बघून उठला, म्हणाला, "गुरुजी, निघायचं का?" सुलतानपूरच्या बाजूला कडूबाचा पाव्हणा आहे, तिथं सोय होती. बैलगाडी जुंपलेली होती बेबीनंदा. जुंपलेली. मी म्हणालो, एवढ्या उन्हात कुठं जातोस, शनिवारपर्यंत काही होत न्हाई. कागद माझ्या भाचीपाशी आहे आणि माझी भाची माझ्या शब्दाबाहेर जाणार न्हाई. असं म्हणालो. त्याला खाली बसवला. परतीच्या गाडीत बसलो आणि धावड्याच्या फाट्यावर जीप आडवी गेली.

तिकडं तू कागद देऊन बसली होतीस तवा मी माझ्या शब्दाची फुशारकी मारत बांधावर बसलो होतो. त्यामुळं तुला बोल लावायचं तोंड मला न्हाई. आधी दोन दिवस रागानं तुझ्या सात पिढ्यांची उणीदुणी काढली मनात. मामी म्हणाली, "त्या सात पिढ्या तुमच्याच."

२६ तारखेला तहसीलवर गेलो. आम्ही नऊ माणसं होतो. तिथले साहेब म्हणाले, "गुरुजी, निवेदन द्या, पण तो शब्द लिहू नका." शब्दाला भिऊन राह्यले! मारली आम्ही. पण माझा आवाज निघाला न्हाई. सोबतच्यांनी मारली.

वसंता कुठं आहे ते माहीत न्हाई. विचारलं तर तेच उत्तर, ते आता मला पाठ आहे. नवा अर्ज टाकलाय.

आता महत्त्वाचं. गिरिजाबाई मला विचारायला आली, वसंताचा पत्ता कुणी दिला. मी सांगितलं, माझ्या तोंडून निघाला. चौकशीला बोलावलं होतं, मार खायची भीती वाटली, बोलून गेलो. ती उठून उभी राह्यली. मंग म्हणाली, "गुरुजी, तुमच्या घरचा असता तर निघालं असतं का हो तोंडातून?" आणि गेली. त्या दिवसापासून मला बघितलं की रस्ता बदलते.

ते मी सोसतो. अक्षर माझंच होतं, तवा खोटं म्हणावं तर खोटंही न्हाई. पण तू गप्प राहा. तुझं नाव कुठं येता कामा नये. साहेबरावांनाही सांग, गिरणीत कुणाजवळ बोलू नका. ही गोष्ट तुझ्या-माझ्यातच राहील. ही पत्रंसुद्धा जाळून टाक. पुढंमागं पोरगं सुटलं, तर तुम्हाला त्या घरासमोरून मान वर करून जाता आलं पाह्यजे. तुझ्या भल्याचंच सांगतो, मोठ्याचं ऐक.

बद्रीनाथ


जालना
६ ऑक्टोबर २००६

मामा,

तुमची चिठ्ठी वाचली. फक्त वर सरकारी जावक क्रमांक टाकायचा राह्यला होता.

तुझ्या भल्याचं सांगतो, कुणाजवळ बोलू नको, कागद जाळ. कुठं वाचलं होतं असं, आठवून राह्यले. मंग आठवलं. तुम्हाला अर्ध्या ओळीत आलं होतं, मला दोन पानांत आलं, एवढाच फरक. तुम्ही मला गोपनीय करून राह्यलात मामा! ज्या शब्दापायी तुम्ही आकाश-पाताळ एक केलं, दोन महिने माझ्याकडून शिव्या टाईप करून घेतल्या, तोच शब्द तुम्ही माझ्या नावावर मारला. आणि तिकडं गिरिजामावशीला खोटं सांगितलं. सरकार तरी म्हणतं 'सांगत न्हाई.' तुम्ही तर भलतंच सांगितलं.

मला राग आलाय. तुमचा आलाय, माझा आलाय, त्या हवालदाराच्या ओल्या बोटाचा आलाय. पण सगळ्यात जास्त ह्याचा, की माझ्या केल्याचा मार तुम्ही खाऊन राह्यलात आणि वर त्याला मोठेपणा समजून राह्यलात. मी काय चौथीतली पोरगी हाय का? केलं ते मी केलं. बारा वाजायच्या आत, पूर्ण शुद्धीत, खळ लावून.

हे काल बोलले. चौदा दिवसांनी पहिलं वाक्य. मला वाटलं पाय दुखतात म्हणतील. म्हणले, "त्या पोराला सोडलं का?" मी म्हणलं, न्हाई. तर म्हणले, "मी बाहेर पडून राह्यलो तवा त्याला आत आणून राह्यले होते. आमची खांद्याला खांदा लागून गाठ पडली. मला ठाऊक न्हवतं कोण म्हणून. मी त्याला 'धीर धर' म्हणलो." मंग परत भिंतीकडं तोंड केलं. मामा, ह्या घरात मी ही गोष्ट लपवून कुठं ठेवू? ह्यांना माहीत, मला माहीत, तुम्हाला माहीत. माहीत न्हाई फक्त तिला, जिचं पोरगं गेलं.

कॅफेत गेले न्हाई परत. नर्सबाईला तेवढं एक पत्र लिहायचंय, तिचा पत्ता मिळाला तर.

रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही दोघं येऊन राह्यलो. तुमच्याकडं नंतर येऊ, आधी भीमनगरात. मामीला सांगा चहासाठी थांबू नका. तुम्ही तिथं यायचं न्हाई आणि मधी बोलायचं न्हाई, आता माझी शपथ हाय. तिनं दार लावलं तर दाराबाहेर बोलीन. शेजारपाजार जमला तर जमू द्या.

तिनं तुम्हाला विचारलं त्याचं उत्तर तुम्ही देऊ शकत न्हाई, कारण ते तुमच्याकडं न्हाईच. ते माझ्याकडं हाय. मी तिला म्हणणार, मावशी, आमच्या घरचाच होता आत. म्हणूनच तुमच्या घरचा दिला.

बेबीनंदा